ब्यॉर्नरूडांचा दगड

हार्लन ब्यॉर्नरूडने दगड आधी आणला आणि वंशावळ नंतर शोधायला घेतली. इतर माणसं आधी पाया घालतात आणि मग कळस चढवतात. पण हार्लनने छत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं होतं, आणि गणिताच्या मास्तराला उत्तर आधीपासून ठाऊक असतं. उत्तर असं होतं: ब्यॉर्नरूड ही नॉर्वेतली एक मोठी वाडी, हार्लनचे पूर्वज तिचे मालक, आणि त्यांच्यातल्या एकाने एकदा नुसत्या हातांनी अस्वल मारलेलं. 'ब्यॉर्न' म्हणजे अस्वल हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आता फक्त मधल्या पायऱ्या मांडायच्या राहिल्या होत्या.

या सगळ्याला कारण झाली बोर्घिल्ड आत्या. गेल्या जुलैत नदीकाठच्या शेतावर घराण्याचं वार्षिक संमेलन भरलं, तेव्हा शहाण्णव वर्षांच्या आत्याने बटाट्याच्या सॅलडचा चमचा खाली ठेवला आणि म्हणाली, "हार्लन, मी जायच्या आधी कुणीतरी मला एकदा नीट सांगा, आपण कोण. आजोबांना विचारलं होतं मी, तर त्यांनी विषय बदलला."

एकशे दहा माणसांचं चावणं थांबलं. हार्लन कागदी बशी हातात धरूनच उभा राहिला आणि त्याने जाहीर केलं की पुढच्या जुलैत घराण्याला अमेरिकेत येऊन दीडशे वर्षं होतील, त्या दिवशी इथे नाव आणि इतिहास कोरलेला दगड उभा असेल. आमच्या लोकांत टाळ्या वाजवायची पद्धत नाही. दोघंतिघं "वाईट नाही" म्हणाले. मिनेसोटाच्या आमच्या भागात कौतुक याच्यापुढे जात नाही, लग्नातसुद्धा.

"मग पुढच्या जुलैपर्यंत मी थांबते," आत्या म्हणाली. "त्याच्यापुढचं मात्र माझ्या हातात नाही."

इथे एक अडचण सांगून टाकायला हवी. आमच्या गावात ब्यॉर्नरूड दोन आहेत. हार्लनचे ते नदीकाठचे आणि दुसरे टेकडीवरचे. दोन्ही घरं १८६९ साली एकाच बोटीने आली आणि दीडशे वर्षं एकाच चर्चमध्ये, एक डावीकडच्या बाकांवर आणि एक उजवीकडच्या, अशी बसत आली. आम्ही मालक आणि टेकडीवरचे म्हणजे आमच्या ट्रंका उचलायला आणलेल्या गड्याची अवलाद, असं नदीकाठच्यांचं ठाम मत होतं. टेकडीवरचे यावर कधीच काही बोलले नाहीत, आणि तोच पुरावा धरला गेला. सध्या टेकडीचा कर्ता पुरुष म्हणजे व्हर्लिन. हार्लनचा वर्गमित्र, मक्याचा शेतकरी, चर्चच्या जुन्या दप्तराचा राखणदार. त्या कपाटाची किल्ली त्याच्या पट्ट्याला लटकलेली असते. ती किल्ली दिसली की हार्लन रस्ता बदलत असे.

तर दगड. तो गुलाबी ग्रॅनाइटचा, म्हशीएवढा. हिवाळ्यात दगडवाल्याला काम नसतं आणि तो कमी दर लावतो, म्हणून हार्लनने अस्वल आधीच कोरून घेतलं आणि अक्षरांसाठी जागा मोकळी ठेवली. दगड अंगणात येऊन पडला तसा शेजारचा डुवेन श्मिट्झ कुंपणापाशी आला. डुवेन जर्मन आणि कॅथलिक. त्याच्या पूर्वजांची काळजी साक्षात रोमने घेतलेली असल्यामुळे तो सदा निश्चिंत असतो.

"गाय झकास उतरलीय," डुवेन म्हणाला.

"अस्वल आहे ते."

"बरं बरं," डुवेन म्हणाला. तापात बरळणाऱ्या माणसाशी बोलावं तसा त्याचा सूर होता.

पहिली पायरी म्हणून हार्लन कौंटीच्या कचेरीत गेला, पणजोबा ओले यांच्या मृत्यूचा दाखला काढायला. खिडकीमागे कोलीन बसली होती. तिला त्याने नववीत भूमितीत नापास केलं होतं आणि ती ते विसरलेली नव्हती. दाखला फक्त नातेवाइकाला मिळतो, ती म्हणाली; तेव्हा आधी नातं दाखवणारा कागद आणा. असा कागद कोणता, असं हार्लनने विचारलं. कोलीनने तीन जाड फायली चाळल्या आणि अतिशय गोड आवाजात सांगितलं की तो म्हणजे या गृहस्थांच्या मृत्यूचा दाखला.

"अगं, माझं आडनाव बघ, त्यांचं आडनाव बघ. सरळ दिसतंय की."

"सर, सिद्ध केल्याशिवाय काही गृहीत धरायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत मला," कोलीन म्हणाली. "दोनदा."

अकरा आठवडे, चार अर्ज आणि एका नोटरीनंतर दाखला हातात आला. त्यात ओलेच्या वडिलांच्या नावापुढे ब्यॉर्नरूड हा शब्दच नव्हता. लार्स हान्सन, असं होतं. म्हणजे हान्सचा मुलगा लार्स. तो हान्स कुठल्यातरी ओलेचा मुलगा, म्हणून हान्स ओल्सन. या घराण्यात मुलगा बापाचं नाव लावायचा आणि आडनाव दर पिढीला कोटासारखं बदलत होतं. बोटीच्या यादीत नुसते ओले लार्सन नऊ निघाले. हार्लन नऊच्या नऊ कागद स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडून बसला आणि त्याची बायको आर्डिस तीन दिवस उभ्याने जेवली.

डुवेनने मग कुंपणावरून सल्ला दिला की आजकाल कागद कोण बघतो, एका नळीत थुंकून पाठवलं की सगळा इतिहास घरपोच येतो. त्याच्या मेहुण्याचा आला होता. (मेहुण्याला त्यात एक सावत्र भाऊ मिळाला आणि तेव्हापासून नाताळचं जेवण बंद आहे, हे डुवेनने नंतर सांगितलं.) हार्लनने नळी मागवली. थुंकणं ही गोष्ट आयुष्यभर फुकट आणि विपुल मिळत आलेली, पण नळी समोर धरली की सभ्य माणसाच्या तोंडाला कोरड पडते. अर्धी नळी भरायला त्याला एक अख्खा बेसबॉलचा सामना लागला. दीड महिन्याने निकाल आला: अठ्ठ्याण्णव टक्के नॉर्वेजियन, दोन टक्के अज्ञात.

"माझा वाढदिवस लक्षात ठेवतात ते हेच दोन टक्के," आर्डिस म्हणाली. "त्यांना जप."

शेवटी कुणीतरी सांगितलं की नॉर्वेत प्रत्येक खोऱ्याचं एक जाडजूड पुस्तक असतं. कुठल्या वाडीवर कोण राहिलं, कधी जन्मलं, कुणाशी लग्न झालं, कधी मेलं, सगळं त्यात असतं. हार्लनने ते मागवलं. चार किलोंचं पुस्तक आलं आणि ते सबंध नॉर्वेजियन भाषेत होतं. हार्लनचं नॉर्वेजियन म्हणजे जेवणाआधीची एक प्रार्थना आणि एक शिवी. दोन्ही तो आजोबांकडून एकाच टेबलावर शिकला होता. ती भाषा वाचू शकणारा माणूस गावात आता एकच उरला होता आणि त्याच्या पट्ट्याला किल्ली लटकत होती.

हार्लन चर्चवरून तीन वेळा गाडी नेऊन परत आला. चौथ्या वेळी आर्डिसने लेमन बारचा, म्हणजे लिंबाच्या गोड वड्यांचा, डबा त्याच्या मांडीवर ठेवला आणि सांगितलं की हा रिकामा झाल्याशिवाय घरी येऊ नकोस. मंगळवारची सकाळ होती. चर्चच्या तळघरात कॉफीचं मोठं भांडं खदखदत होतं. व्हर्लिनने लेमन बार खाल्ला, "वाईट नाही" म्हणाला, पुस्तक पुढे ओढलं आणि बोट टेकवून वाचायला लागला.

आणि इथे हार्लनचं काहीतरी झालं. तो आला होता मालकीचा उतारा काढायला. पण व्हर्लिन वाचत होता आणि एकेक वाडी उघडत होती. पाचशे वर्षांची माणसं. एका वाडीवर १७४२ सालच्या वसंतात एकाच घरातून सात प्रेतं निघाली होती आणि आठवी, चार वर्षांची मुलगी, तेवढी वाचली होती. पुढच्या दोन पानांवरचे सगळे तिचे वंशज होते. हार्लनने सवयीने गणित केलं. आईबाप दोन, आजीआजोबा चार; दहा पिढ्या मागे गेलं की एक हजार चोवीस माणसं. त्यातलं एक जरी त्या चार वर्षांच्या वयात गेलं असतं, तर हा हार्लन नाही आणि हा लेमन बारही नाही. हा हिशेब त्याने पोरांना शेकडो वेळा फळ्यावर करून दाखवला होता, पण त्यात माणसं असतात हे त्याला पहिल्यांदा कळलं. त्याने हे व्हर्लिनला सांगितलं.

"हं," व्हर्लिन म्हणाला.

मग ब्यॉर्नरूडचं पान आलं. व्हर्लिनचं बोट वरून खाली सरकत आलं, तळाच्या बारीक अक्षरांपाशी थांबलं आणि तिथेच राहिलं. त्याने चष्मा काढला, पुसला, पुस्तक मिटलं. अक्षर फार बारीक आहे, तो म्हणाला, नवा चष्मा करायला टाकलाय, तो आला की बघू. पुढचे तीन मंगळवार चष्मा आला नाही.

हार्लनला काय ते उमगलं. दुसऱ्याचा मोठेपणा वाचायची वेळ आली की माणसाचा चष्मा नेमका बिघडतो, असं त्याने आर्डिसला ऐकवलं. "किंवा स्वतःचा," आर्डिस म्हणाली, पण हार्लनचं लक्ष नव्हतं. त्याने थेट त्या खोऱ्यातल्या इतिहास मंडळाच्या टोरस्टेन नावाच्या गृहस्थांना पत्र लिहिलं आणि वर आणखी एक शहाणपणा केला. गावच्या साप्ताहिकाला बातमी दिली: जमीनदार घराण्याचा दीडशे वर्षांचा सोहळा. साप्ताहिकाने फोटो पहिल्या पानावर छापला. खाली लिहिलं होतं, 'हार्लन ब्यॉर्नरूड आणि त्यांची गाय.'

संमेलनाला बारा दिवस उरले असताना नॉर्वेहून पत्र आलं. टोरस्टेन यांचं इंग्रजी सुरेख होतं, त्यामुळे गैरसमजाला कुठे जागाच नव्हती.

त्यांनी लिहिलं होतं की अमेरिकेतून येणाऱ्या दर दुसऱ्या पत्रात ही चूक असते, तेव्हा वाईट वाटून घेऊ नये. आमच्याकडे आडनाव रक्ताचं नसतं, वाडीचं असतं. जो ज्या वाडीवर राहील तो तिचं नाव लावणार. मालकही लावणार आणि सालगडीही. वाडी सुटली की नाव सुटलं. बोटीत बसताना माणूस ज्या वाडीवर होता, तिचं नाव अमेरिकेत कायमचं चिकटलं. १८६९ मध्ये ब्यॉर्नरूडहून दोन घरं गेली. एक मालकाचा धाकटा मुलगा क्नूट. त्याचे वंशज तुमच्या गावात टेकडीवर असल्याचं दिसतं. दुसरी मारित ओल्सडॅटर, वय सदतीस. वाडीच्या टोकाला दलदलीत खोपटं होतं, त्यातल्या लार्स हान्सन या सालगड्याची विधवा. खोपट्याच्या बदल्यात आठवड्याचे चार दिवस मालकाच्या शेतात राबायचं, असा करार होता. लार्स कोसळत्या झाडाखाली सापडून मेल्यावर ते चार दिवस तीन वर्षं तिने भरले. १८६५ च्या जनगणनेत त्यांची मालमत्ता अशी: एक गाय, दोन मेंढ्या, बियाण्याचे अर्धं पिंप बटाटे. मुलं पाच, ओले त्यातला चौथा, निघताना नऊ वर्षांचा. बंदर एकशे ऐंशी किलोमीटरवर होतं. असली माणसं तिथवर पायीच जात.

ताजा कलम: अस्वल मारल्याची नोंद नाही. १७४१ मध्ये एका अस्वलाने मालकाची गाय खाल्ली आणि ते निघून गेलं.

हार्लनने पत्र दोनदा वाचलं. मग तो अंगणात जाऊन दगडावर बसला. छत्तीस वर्षं पोरांच्या चुकांवर लाल शाई ओतलेल्या माणसाला स्वतःच्या चुकीवर काय ओतावं ते सुचेना. डुवेन कुंपणापाशी आला आणि त्याचा चेहरा बघून, आयुष्यात पहिल्यांदाच, सल्ला न देता परत गेला. थोड्या वेळाने हार्लनने गाडी काढली आणि तो टेकडीवर गेला. नदीकाठचा ब्यॉर्नरूड टेकडीच्या फाटकातून आत शिरायची ही पहिलीच वेळ होती. व्हर्लिन मळणीयंत्राखाली पाठीवर पडला होता. त्याचे फक्त बूट दिसत होते.

"तुला माहीत होतं," हार्लन बुटांना म्हणाला.

"हो."

"त्या मंगळवारपासून?"

"आजीने सांगितलं होतं. आपण सातवीत होतो."

"साठ वर्षं! आमच्या घरचे काय काय बोलायचे तुम्हाला. एकदा तरी तोंड उघडायचंस."

बूट जरा हलले. "कुणी विचारलं नाही," व्हर्लिन म्हणाला. मग यंत्राखालूनच, "आणि ते माझ्या तोंडून बरं नसतं दिसलं."

सातवीतला एक मुलगा हातातला हुकमाचा पत्ता खाली न टाकता सत्तरीचा होतो, ही गोष्ट त्याच्या कुठल्याच समीकरणात बसेना. त्याला लाज वाटली, आणि लाजेच्या खालून आदर वर आला. त्याने पाना उचलून व्हर्लिनच्या हातात दिला. व्हर्लिनला वेगळा पाना हवा होता, पण त्याने तोही घेतला.

प्रश्न उरला आत्याचा. साप्ताहिकातलं ते पान तिने वृद्धाश्रमात पलंगाशेजारी चिकटवून ठेवलं होतं. सत्त्याण्णवाव्या वर्षी माणसाला दलदलीतल्या खोपट्यात नेऊन सोडायचं कशाला? दगडावर नुसतं 'ब्यॉर्नरूड, १८६९' कोरावं आणि तोंडाला कुलूप घालावं, असं हार्लनने ठरवलं. कुलूप घालणारी घराणी चांगली असतात हे त्याने आत्ताच बघितलं होतं. आर्डिस भांडी पुसत होती.

"तिने 'कोण' विचारलं होतं," ती म्हणाली. "'केवढे' नव्हतं विचारलं."

म्हणून तो गेला. आत्या खिडकीशी चाकाच्या खुर्चीत होती. त्याने सुरुवात नॉर्वेच्या हवामानापासून केली. आत्याने पाच मिनिटं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हार्लन, पत्र वाच." त्याने वाचलं. वर बघायचा धीर त्याला झाला नाही. सालगडी हा शब्द आला तेव्हा आत्याच्या खुर्चीचा आवाज झाला.

"थांब," ती म्हणाली. "म्हणून होय."

मग तिने सांगितलं. ती आठ वर्षांची होती आणि आजोबांबरोबर, म्हणजे त्याच ओलेबरोबर, घोड्याच्या घसरगाडीतून गावात निघाली होती. जानेवारी होता, नाकातला श्वास गोठत होता. समोरून टेकडीवरचा म्हातारा क्नूट आला. आणि आजोबांनी, नदीकाठच्या चारशे एकरांच्या मालकाने, चर्चचा कारभार बघणाऱ्या माणसाने, टोपी काढली. क्नूट जाईपर्यंत टोपी हातात. "मी विचारलं, आजोबा टोपी का काढलीत? तर म्हणाले, डोक्याला घाम आला. नंतर घरी येईस्तोवर बोलले नाहीत. मला वाटायचं, आजोबांनी त्या माणसाचं काहीतरी वाईट केलंय. एकोणनव्वद वर्षं मला तेच वाटत आलंय, हार्लन. म्हणून मी विचारत होते." ती हसायला लागली आणि तिचे डोळे भरून आले. "मालक दिसला की टोपी काढायची, असं शिकलेल्या नऊ वर्षांच्या पोराचा हात होता तो. त्याला एकसष्ट वर्षांत कुणी सांगितलंच नाही की आता गरज नाही."

आत्याने रुमालाने नाक पुसलं आणि जनगणनेचा भाग पुन्हा वाचायला लावला.

"एकच गाय?"

"एकच."

"आणि पाच पोरं. पायी." आत्याने खिडकीबाहेरच्या पार्किंगकडे बघितलं. "माझ्याच्याने या खोलीतून जेवणघरापर्यंत जाववत नाही. दगडावर तिचं नाव घाल. आपलं सगळ्यांचं नंतर."

दगडवाल्याने आठ दिवसांत अक्षरं कोरली. चित्राचं काय करायचं, असं त्याने विचारलं. हार्लन दगडाभोवती दोन फेऱ्या मारून आला आणि म्हणाला की शिंगं तेवढी बसव. शिंगं बसवल्यावर कुठेच काही कमीजास्त करावं लागलं नाही. डुवेन येऊन बघून गेला आणि मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, हे म्हणायचं त्याने कष्टाने टाळलं.

संमेलनाचा दिवस जुलैचा असूनही हुडहुडी भरवणारा निघाला. उत्तरेकडून वारा सुटला होता, कागदी बशा शेतात उडत होत्या आणि आत्याला दोन घोंगड्यांत गुंडाळलेलं होतं. टेकडीवरच्या ब्यॉर्नरूडांना या वर्षी पहिल्यांदाच निमंत्रण होतं. ते सगळे आले आणि सवयीने उजवीकडे उभे राहिले. हार्लनने भाषण लिहून आणलं होतं, पण वाऱ्याने त्याचं दुसरं पान नेलं, तेव्हा त्याने दगडावरचा मजकूर नुसता वाचून दाखवला. मारित ओल्सडॅटर. विधवा. ब्यॉर्नरूडच्या दलदलीतून. एक गाय, दोन मेंढ्या, पाच मुलं. १८६९ मध्ये चालत निघाली. आम्ही सगळे तिचे.

"वाईट नाही" असंही कुणी म्हणालं नाही.

मग उजवीकडून व्हर्लिन पुढे आला. दगडासमोर उभा राहिला. सगळी अक्षरं त्याने बोट न टेकवता, सावकाश वाचली. बियाणे कंपनीची हिरवी टोपी तो जेवताना आणि, लोक म्हणतात, झोपतानाही काढत नाही. त्या दिवशी त्याने ती काढली आणि छातीशी धरून उभा राहिला. त्याचं पांढरं टक्कल वाऱ्यात लालबुंद झालं, तरी तो हलला नाही.

"व्हर्लिन," आत्याने घोंगडीतून हाक मारली. "टोपी का काढलीस रे?"

व्हर्लिनने वळून बघितलं. चारचौघांत मनातलं बोलायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती.

"डोक्याला घाम आला," तो म्हणाला.

आत्याने हार्लनचा हात घट्ट धरला आणि बराच वेळ सोडला नाही.